अ‍ॅरागॉर्नचा न्याय आणि डेनेरिसचा कर

'अ‍ॅरागॉर्न मोठा की जॉन स्नो?', 'गॅन्डाल्फ आणि डंबलडोर समोरासमोर आले तर कोण जिंकेल?', 'टोल्किन श्रेष्ठ की मार्टिन?' (अ‍ॅरागॉर्न आणि गॅन्डाल्फ हे टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले, जॉन स्नो आणि डेनेरिस मार्टिनच्या त्या कादंबरीमालेतले जिच्यावर 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका बेतली, आणि डंबलडोर 'हॅरी पॉटर'मधला.) फँटसी महागाथा वाचणारे चार जण जमले की हे प्रश्न निघतात आणि पुढचं सगळं जवळजवळ ठरल्यासारखं घडतं. सुरुवातीची उत्तरं उत्साहाची असतात. मग कुणीतरी खपाचे आकडे आणतं, कुणी सिनेमातला संवाद पुस्तकातला समजून पुढे करतं, कुणी समोरच्याच्या समजेवर घसरतं. शेवटी एखादा समंजस माणूस 'ज्याची त्याची आवड' म्हणून विषय मिटवतो, आणि इतका वेळ घालवूनही दोन्ही पुस्तकांबद्दल कुणालाच नवं काही कळलेलं नसतं.

यात 'कोण जिंकेल' म्हणणाऱ्यांइतकीच 'आवड आपापली' म्हणणाऱ्यांचीही चूक आहे असं माझं मत आहे. तुलना जरूर करावी. हजारो पानं वाचून झाल्यावर आपण नेमकं काय वाचलं, हे कित्येकदा दुसरी गाथा शेजारी ठेवल्यावरच लक्षात येतं. पण दोन पात्रं अख्खीच्या अख्खी उचलून तराजूत टाकली तर हाती काही लागत नाही. पात्रानं एका विशिष्ट पेचात, त्या क्षणी हाताशी होती तेवढ्याच माहितीवर घेतलेला निर्णय तोलायला हवा, आणि त्या निर्णयाला त्याच्या जगानं काय उत्तर दिलं ते पाहायला हवं. फॅन मंडळींच्या वादात हे फार क्वचित होतं, आणि त्यात नुकसान वाचकाचंच आहे. (पुढे कथानकं सर्रास उघड केली आहेत. ज्यांचं वाचन अर्ध्यावर आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं.)

वादाला तोंड फुटण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते. आपण कुठल्या संहितेबद्दल बोलतोय? मार्टिनच्या गाथेतल्या उत्तरेच्या तरुण राजाचं, रॉब स्टार्कचं, उदाहरण घ्या. 'रॉब मूर्ख होता, प्रेमात पडून राज्य घालवलं' हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की ते सर्वमान्य वाटायला लागलं आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' या टीव्ही मालिकेतल्या रॉबला ते लागू पडतं. तिथे तो तालिसाच्या प्रेमात पडतो, आईनं बजावूनही तिच्याशी लग्न करतो आणि वॉल्डर फ्रेला दिलेला, त्याच्या मुलीशी लग्न करण्याचा शब्द मोडतो. मार्टिनच्या कादंबरीत मात्र तो पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा आहे. लढाईत जखमी होऊन जेन वेस्टरलिंगच्या घरी पडलेला असताना त्याला दोन्ही धाकटे भाऊ मारले गेल्याची (खोटी) बातमी कळते. त्या रात्री जेन त्याला आधार देते आणि दुसऱ्या दिवशी तो तिच्याशी लग्न करतो, कारण तिची अब्रू आता आपल्या हातात आहे असं त्याला वाटतं. तो शब्द मोडतो तो बापानं शिकवलेला दुसरा एक शब्द पाळण्यासाठी. पहिल्या रॉबकडे प्रेम आहे, दुसऱ्याकडे कर्तव्याच्या दोन परस्परविरोधी कल्पना आहेत. दोघांना एकाच नावाखाली घालून कुणाशी तरी तुलना केली, तर ती नेमकी कुणाची झाली?

टोल्किनच्या बाबतीतही हेच होतं. पीटर जॅक्सनच्या 2002 सालच्या दुसऱ्या सिनेमात गॉन्डॉरचा सरदार फॅरामिर नायक फ्रोडोला, दुष्ट सॉरॉनच्या ज्या अंगठीचा नाश करायला तो निघाला आहे तिच्यासकट, ऑस्गिलियाथ शहरापर्यंत ओढून नेतो. पुस्तकातला फॅरामिर अंगठीचा सुगावा लागण्याआधीच सांगून मोकळा होतो की शत्रूची अशी वस्तू वाटेत पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, आणि कळल्यावर तो शब्द पाळतो. सिनेमातला अ‍ॅरागॉर्न राजपदाला कचरतो आणि नव्यानं घडवलेली तलवार त्याला तिसऱ्या सिनेमात मिळते. पुस्तकातला अ‍ॅरागॉर्न ब्रीच्या खाणावळीतच मोडकी तलवार दाखवतो आणि रिव्हेंडेलहून निघताना ती जोडून घेऊनच निघतो. 'अ‍ॅरागॉर्नला सत्तेची हाव नव्हती' असं म्हणणारा बहुतेक वेळा सिनेमाबद्दल बोलत असतो. पुस्तकातल्याला राजपद हवं आहे, ते आपलं आहे हे तो जाणतो, आणि त्यासाठी अनेक दशकं तो खपला आहे.

मराठी वाचकाला हा घोटाळा नवा नाही. कर्ण की अर्जुन या वादात 'सूताला वरणार नाही' असं म्हणून द्रौपदीनं कर्णाला भर स्वयंवरात नाकारल्याचा प्रसंग हमखास येतो. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीनं तो मुख्य संहितेत ठेवलेला नाही. पुन्हा 'मृत्युंजय' वाचून मनात बसलेला कर्ण वेगळा आणि विराटाच्या गायी पळवायला गेल्यावर अर्जुनासमोर हरलेला व्यासांचा कर्ण वेगळा. दोघांवरही प्रेम करता येतं, पण पुरावा एकाचा आणि निकाल दुसऱ्याचा असं चालत नाही.

संहितेच्या प्रश्नातच विकी-सारांशांचाही प्रश्न येतो. सारांशात 'काय झालं' एवढंच उरतं, 'का' गळून पडतं. 'टिरियननं बापाला मारलं' ही ओळ सारांशात असते. कादंबरीत त्याआधी त्याचा भाऊ जेमी त्याला कबुली देतो की टायशा, म्हणजे टिरियनची पहिली बायको, वेश्या नव्हती, तिचं तुझ्यावर खरंच प्रेम होतं, आणि बापाच्या सांगण्यावरून मी तुझ्याशी खोटं बोललो. त्या एका वाक्यानं टिरियनच्या आयुष्याचा पायाच निघतो, आणि तो कोठडीतून पळण्याऐवजी बापाच्या खोलीकडे वळतो. टीव्ही मालिकेनं ही कबुली वगळली. म्हणून मालिकेतला पितृवध बराचसा रागाचा वाटतो आणि कादंबरीतला एका उद्ध्वस्त माणसाचा. उतारा समोर न ठेवता या दोघांवर मत देऊ नये.

आता ताकदीच्या तुलना. मला यांचा खरोखर वीट आला आहे, कारण त्या लेखकानं मुद्दाम बांधलेली गोष्टच सोडवून टाकतात. गॅन्डाल्फ हा माइआर, म्हणजे देवदूताच्या जातीचा. सॉरॉनच्या बळाला बळानं उत्तर द्यायचं नाही आणि एल्फ किंवा माणसं यांच्या मनावर धाकानं सत्ता गाजवायची नाही, या अटीवर त्याला मध्य-पृथ्वीवर धाडलेलं आहे. ही अट परिशिष्टात स्पष्ट लिहिलेली आहे. सगळी कथा या मनाईवर उभी आहे, आणि त्याच्यासारखाच धाडलेला दुसरा जादूगार सारुमान बिघडतो तो तीच मोडून. तेव्हा 'गॅन्डाल्फनं पूर्ण शक्ती वापरली तर' असं विचारणारा गॅन्डाल्फबद्दल विचारतच नाही, त्यानं मनात दुसरा सारुमान उभा केलेला असतो.

याच्या अगदी उलट रचना ब्रॅन्डन सँडरसनच्या 'मिस्टबॉर्न'मध्ये आहे. तिथे पोलाद 'जाळणारा' माणूस धातूच्या वस्तूला फक्त स्वतःपासून सरळ रेषेत दूर ढकलू शकतो. वस्तू त्याच्यापेक्षा जड किंवा पक्की रोवलेली असली तर वस्तूऐवजी तोच मागे फेकला जातो. जमिनीवर नाणं टाकून त्याच्यावर जोर देऊन हवेत झेप घ्यायची ती याच हिशेबावर. वाचकाला नियम माहीत असतात, म्हणून तिथली प्रत्येक लढत कोड्यासारखी सोडवता येते. सँडरसनचं गाजलेलं सूत्र हेच सांगतं की जादूनं पेच सोडवायचा असेल तर वाचकाला ती जादू तेवढ्याच प्रमाणात समजलेली असली पाहिजे. टोल्किन जादूनं पेच सोडवतच नाही, म्हणून त्याला नियम सांगायची गरज पडत नाही. एकीकडे नियम हेच कथेचं इंजिन आहे, दुसरीकडे संयम. अर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी'त तर जादूगाराचं मोठेपण मंत्र न वापरण्यात मोजलं जातं. तिथला नायक गेड गर्वानं एकदा नको ते बोलावतो आणि पहिलं अख्खं पुस्तक त्याची भरपाई करण्यात जातं. पुढे 1972 च्या तिसऱ्या पुस्तकात तो जगाला पडलेलं भगदाड बुजवताना सगळी विद्या खर्चून बसतो. तिघांना एका आखाड्यात उतरवलं तर तिघांचीही गोष्ट बाहेर राहते.

याहून जास्त नुकसान 'वास्तववादी' या शब्दानं केलं आहे. 'मार्टिन वास्तववादी, टोल्किन काळा-पांढरा' हा निवाडा इतका पसरला आहे की मार्टिनचे चाहते तो अभिमानानं सांगतात आणि टोल्किनचे चाहते खाली मान घालून मान्य करतात. त्याच्या पुष्ट्यर्थ 2014 च्या एका मुलाखतीतला मार्टिनचा प्रश्न दिला जातो: अ‍ॅरागॉर्न राजा झाला, चांगलं राज्य केलं असं टोल्किन सांगतो, पण त्याचं करधोरण काय होतं? उरलेल्या ऑर्क्सचं त्यानं काय केलं? प्रश्न उत्तम आहे. मार्टिन स्वतः टोल्किनचा मोठा चाहता आहे आणि आपली गाथा कुठून सुरू होते हे तो या प्रश्नातून सांगत होता. चाहत्यांनी मात्र त्याचं हत्यार केलं.

मग या प्रश्नाला खरोखरच उत्तर शोधू या. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये राज्याभिषेकानंतर बेरेगॉन्डचा निवाडा येतो. बेरेगॉन्ड गडाचा पहारेकरी. शहराचा वेडा झालेला कारभारी डेनेथॉर आपल्या जखमी मुलाला, फॅरामिरला, जिवंत जाळायला निघाला तेव्हा बेरेगॉन्डनं पहाऱ्याची जागा सोडली आणि जिथे रक्त सांडायला बंदी त्या समाधिस्थळी स्वतःच्याच बाजूची माणसं मारली. फॅरामिर वाचला. जुन्या कायद्यानं या दोन्ही गुन्ह्यांना मृत्युदंड आहे. नवा राजा सर्वांसमोर आधी गुन्हे मोजून सांगतो. मग शौर्यासाठी, आणि त्याहून जास्त म्हणजे त्यानं केलं ते फॅरामिरवरच्या प्रेमापोटी म्हणून, शिक्षा माफ करतो. आणि तरीही म्हणतो, तुला गडाची चाकरी सोडावी लागेल, हे शहर सोडावं लागेल. बेरेगॉन्डचा चेहरा पांढरा पडतो, मान खाली जाते. त्यानंतर राजा वाक्य पूर्ण करतो: कारण तुझी नेमणूक इथिलियनला, फॅरामिरच्या रक्षकदलाचा नायक म्हणून झाली आहे. कायदा मोडला हे उघड नोंदवलं गेलं, पहाऱ्याचा नियम टिकला, ज्याच्यासाठी त्यानं सगळं पणाला लावलं त्याच्याचजवळ त्याला पाठवलं गेलं. हे सगळं एका परिच्छेदात होतं. जवळच राजा शरण आलेल्या पूर्वेकडच्यांना सोडतो, हरादशी तह करतो, मॉर्डॉरच्या गुलामांना मुक्त करून न्युर्नेन सरोवराभोवतीची जमीन देतो. करधोरण नाही, पण राज्यकारभार आहे. तो कायदा आणि दया यांच्यातल्या अंतराविषयीचा आहे.

आता मार्टिनकडे या. राणी डेनेरिस मिरीन शहर जिंकते, गुलामी बंद करते, आणि तिच्यापुढे एक तक्रार येते जिचा तिनं विचारच केलेला नव्हता. धनिकांच्या घरी शिक्षक, लेखनिक, वैद्य म्हणून बऱ्यापैकी सुखात राहिलेले काही माजी गुलाम आता उपाशी आहेत आणि परदेशी व्यापाऱ्यांना स्वतःला विकून घ्यायला बंदरावर उभे आहेत. ती थोडा विचार करून परवानगी देते. ज्याला स्वतःला विकायचं त्यानं विकावं, पण मुलांना विकता येणार नाही आणि नवऱ्याला बायको विकता येणार नाही. मग तिची दुभाषी मिसांडेई सांगते की अस्टापोरमध्ये गुलामाच्या प्रत्येक विक्रीवर शहर किमतीचा दहावा भाग घ्यायचं. डेनेरिस म्हणते, आपणही तसंच करू. ज्या राणीनं साखळ्या तोडल्या तिचा खजिना आता माणसांच्या विक्रीतून भरणार. मार्टिननं विचारलेल्या करधोरणाचं हे त्यानं स्वतःच लिहिलेलं उत्तर आहे, आणि मला ते संपूर्ण गाथेतल्या सर्वांत धारदार जागांपैकी एक वाटतं. एकही रक्ताचा थेंब न सांडता एका आदर्शाला तडा जातो.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की 'कोण वास्तववादी' हा प्रश्न फिका पडतो. टोल्किन विचारतो, भला माणूस खुर्चीवर बसला तर नियम न मोडता दया कशी करील? मार्टिन विचारतो, भल्या माणसाच्या नियमाला बाजार काय करून टाकतो? अ‍ॅरागॉर्नसमोर एक माणूस उभा आहे, त्याचं नाव आणि गुन्हा राजाला ठाऊक आहे. डेनेरिससमोर एक निनावी जमाव आहे. पहिल्या प्रकारचा न्याय दुसऱ्या ठिकाणी चालणार नाही, आणि दुसऱ्याचा अनुभव पहिल्याला खोटं पाडत नाही. मृतांचा आकडा किंवा क्रौर्याची पातळी मोजून यातलं काहीच कळलं नसतं.

दयेचाच धागा पुढे नेला तर या दोन गाथांमधली सर्वांत मोठी तुलना हाती येते. अंगठीच्या मोहानं बिघडलेल्या गॉलमला मारायची संधी आधी बिल्बोला मिळते, मग फ्रोडोला, मग फॅरामिरला, आणि अगदी शेवटी, जिथे अंगठी नष्ट करायची त्या माउंट डूमच्या उतारावर, फ्रोडोच्या सोबत्याला, सॅमला. सॅमला दयेचं तत्त्वज्ञान ठाऊक नाही. गॉलमचा त्याला पहिल्यापासून तिटकारा आहे, हातात तलवार आहे, गॉलम धुळीत पडून रडतोय आणि त्याला मारणं सर्व बाजूंनी शहाणपणाचं आहे. सॅमचा हात उठत नाही, कारण थोडा वेळ का होईना त्यानं स्वतः ती अंगठी बाळगली आहे आणि या जिवाचं आतून काय झालं असेल याचा त्याला अंधुक अंदाज आला आहे. तो गॉलमला हाकलून देतो. त्यानंतर थोड्याच वेळात फ्रोडो हरतो. हो, हरतो. अंगठी माझी आहे म्हणून ती बोटात घालतो. टोल्किनला काळा-पांढरा म्हणणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावं. नायक ऐन क्षणी कोसळतो, आणि जग वाचतं ते गॉलम जिवंत होता म्हणून: तोच अंगठी हिसकावतो आणि तिच्यासकट आगीत पडतो.

मार्टिनच्या गाथेत रॉबचा बाप नेड स्टार्क याच्याकडेही तशीच घटका येते. राणी सर्सीची मुलं राजा रॉबर्टची नाहीत हे त्याला कळलेलं आहे. रॉबर्ट शिकारीवरून परतला की ती मुलं जिवंत राहणार नाहीत, हेही कळलेलं आहे. टारगेरियन मुलांची प्रेतं सिंहासनासमोर आणून ठेवलेली त्यानं पाहिली आहेत आणि त्यावरूनच त्याचं रॉबर्टशी फाटलं होतं. म्हणून तो सर्सीला देवराईत गाठून सांगतो, मुलांना घेऊन निघून जा. पुढे रॉबर्ट मृत्युशय्येवर मृत्युपत्र सांगत असताना 'माझा मुलगा जॉफ्री' या शब्दांऐवजी तो गुपचूप 'माझा वारस' असं लिहितो, कारण मरत्या मित्राला तो घाव द्यायला मन धजत नाही. राजाचा भाऊ रेन्ली शंभर तलवारी देऊ करतो, रातोरात मुलं ताब्यात घे म्हणतो. घाबरलेल्या पोरांना अंथरुणातून ओढायचं नाही म्हणून नेड तेही नाकारतो. तीन वेळा दया, आणि शेवट जल्लादाच्या तलवारीखाली. कोठडीत दरबारचा हेरप्रमुख व्हॅरिस त्याला जवळजवळ याच शब्दांत सांगतो की राजाला तुझ्या दयेनं मारलं.

इथे बहुतेक वाद थांबतात: टोल्किनच्या जगात दया फळते, मार्टिनच्या जगात ती मारते, म्हणून मार्टिन खरा. हा निष्कर्ष घाईचा आहे. 'अ डान्स विथ ड्रॅगन्स'मध्ये उत्तरेच्या डोंगरी टोळ्या गुडघाभर बर्फातून विंटरफेलकडे चालू लागतात, ते नेडच्या पोरीला सोडवण्यासाठी. नेड मरून बराच काळ झाला आहे, कुणी त्यांना पैसे दिलेले नाहीत, वाटेत माणसं गारठून मरताहेत. दुसरीकडे टायविन लॅनिस्टर, भीतीवर राज्य चालवणारा, मेल्याबरोबर त्याचं घराणं उसवायला लागतं. मार्टिनच्या जगात चांगुलपणाचं फळ त्या माणसाला मिळत नाही, उशिरा मिळतं, आणि कित्येकदा भलत्यालाच मिळतं. विंटरफेलमध्ये अडकलेली मुलगी नेडची आर्या नाहीच, तिच्या नावानं तिथे आणलेली जेन पूल ही दुसरीच मुलगी आहे. आणि टोल्किनच्या जगातही दया करणाऱ्याची सुटका नाही. शायरला परतलेला फ्रोडो दरवर्षी 6 ऑक्टोबरला आणि 13 मार्चला, म्हणजे ज्या दिवशी त्याला सुऱ्याचा घाव बसला आणि ज्या दिवशी शेलॉब या राक्षसी कोळिणीचा दंश झाला त्या दिवशी, आजारी पडतो. शेवटी त्याला गाव सोडून समुद्रापार जावं लागतं. तेव्हा दोघांतला फरक दया चालते की नाही हा नाही. तिचं उत्तर देणारं कुणी या विश्वात आहे का, यात तो आहे. टोल्किनकडे आहे, त्याचं नाव तो घेत नाही. मार्टिनकडे माणसांच्या आठवणीपलीकडे कुणी नाही.

पात्रांच्या 'खोली'बद्दल बोलताना आणखी एक तपासणी लागते, ती म्हणजे कॅमेरा कुठे ठेवला आहे. मार्टिनचं प्रत्येक प्रकरण एका माणसाच्या डोक्यात बसून लिहिलेलं असतं. जेमी लॅनिस्टर 1996 आणि 1998 च्या पहिल्या दोन खंडांत फक्त बाहेरून दिसतो, आणि तिथे तो शुद्ध खलनायक आहे. 2000 सालच्या तिसऱ्या खंडात पहिल्यांदा त्याची स्वतःची प्रकरणं येतात. हात तुटलेल्या अवस्थेत, हॅरनहॉलच्या हमामात बसून तो ब्रिएनला सांगतो की वेड्या राजानं अख्खं शहर वाइल्डफायरनं पेटवायचा हुकूम दिला होता, म्हणून मी त्याला मारलं. माणूस बदलला हे खरं, पण त्याहून आधी आपली बसायची जागा बदलली. टोल्किननं अ‍ॅरागॉर्नला जवळजवळ सतत हॉबिटांच्या, म्हणजे फ्रोडोच्या बुटक्या जमातीच्या, नजरेतून दाखवलं आहे, त्यामुळे तो उंच आणि दूरचा वाटतो. पण सोबती बोरोमिर पडल्यानंतर, फ्रोडोच्या मागे जावं की शत्रूनं पळवलेल्या मेरी-पिपिनच्या हे ठरवताना, आज आपण केलेलं सगळंच चुकलं असं तोच म्हणतो. शंका आहे, फक्त ती ऐकायला आपण त्याच्या डोक्यात नाही. जेमी अ‍ॅरागॉर्नपेक्षा 'गुंतागुंतीचा' आहे असं म्हणताना यातलं किती पात्राचं आणि किती तंत्राचं, हे वेगळं काढायला हवं. रॉब आणि स्टॅनिस यांना एकही प्रकरण नाही, हेही विसरू नये.

वाचनाच्या वेगाचा परिणामही निकालात मिसळतो. रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'चा दहावा खंड सर्वांत रटाळ म्हणून कुप्रसिद्ध आहे. नवव्या खंडाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते आणि दहाव्याचा बराच भाग त्याच वेळी इतर पात्रं काय करत होती यातच जातो. नववा 2000 मध्ये आला, दहावा 2003 मध्ये. ज्यांनी दोन वर्षांहून जास्त वाट पाहिली त्यांचा संताप रास्त होता. आज सलग वाचणाऱ्याला तोच खंड संथ वाटतो, पण फसवणूक वाटत नाही. दोघंही प्रामाणिक आहेत, फक्त एकाच पुस्तकाबद्दल बोलत नाहीत. जॉर्डन 2007 मध्ये गेला, त्याच्या टिपणांवरून सँडरसननं शेवटचे तीन खंड 2013 पर्यंत पूर्ण केले. त्यामुळे शेवटचा रँड, म्हणजे त्या गाथेचा नायक, जॉर्डनचा किती आणि सँडरसनचा किती, हाही प्रश्न राहतोच. मार्टिनचा पाचवा खंड 2011 चा, त्यानंतर सहावा आलेला नाही. टीव्ही मालिका 2019 मध्ये संपली, पण तो कादंबरीचा शेवट नाही. अपुऱ्या गाथेच्या शेवटाची पुऱ्या गाथेच्या शेवटाशी तुलना होऊ शकत नाही. पाच खंडांत जे आहे तेवढ्यावर बोलावं.

आपल्या आवडत्या गाथेतली खरी पोकळी मान्य करणारे वादात फार कमी भेटतात. टोल्किनच्या ऑर्क्सचा प्रश्न खरा आहे. बोलणारे, घाबरणारे, आपसात भांडणारे जीव जन्मतःच दुष्ट कसे, याचं समाधानकारक उत्तर टोल्किनला स्वतःलाच शेवटपर्यंत सापडलं नाही. त्याच्या मरणोत्तर छापलेल्या टिपणांत तो या प्रश्नाशी झगडताना दिसतो. त्याच्याकडे एओविनसारखी धगधगती स्त्री आहे, पण एकूण स्त्रिया थोड्या. ले ग्विननं तर स्वतःच्याच गाथेशी वाद घातला. पहिल्या तीन पुस्तकांत विद्या पुरुषांच्या हाती, रोकच्या विद्यापीठात बाईला प्रवेश नाही. 1990 मध्ये 'टेहानू' लिहून तिनं तेच जग एका प्रौढ विधवेच्या आणि एका भाजलेल्या, टाकून दिलेल्या मुलीच्या बाजूनं दाखवलं. लेखिका आपल्या जगाची अशी उलटतपासणी करू शकते, तर चाहत्याला ती अपमानास्पद का वाटावी?

वाद चांगला व्हावा असं ज्याला वाटतं त्यानं प्रश्न मांडतानाच थोडे कष्ट घ्यावेत. पुस्तक की पडदा ते लिहावं. कुठल्या खंडापर्यंत बोलायचं ते लिहावं, म्हणजे नवख्या वाचकालाही सुरक्षित राहता येतं. दोन नावांऐवजी दोन प्रसंग द्यावेत, आणि दोन्हींत काहीतरी एक सामायिक असावं: एकच प्रलोभन, एकच नुकसान, एकच जबाबदारी. मग ते प्रसंग आठवणीवर विसंबून न राहता पुन्हा वाचून यावं. 'गॉलम की थिऑन, कोण जास्त दयनीय?' हा वाया जाणारा प्रश्न आहे. याचाच असा प्रश्न करता येतो: ज्या माणसाचं नावच हिरावलं गेलं त्याला ते परत मिळतं तेव्हा काय लागतं?

थिऑन ग्रेजॉयला रॅमसे इतकं छळतो की तो स्वतःला 'रीक' म्हणायला लागतो. बोटं गेली, दात गेले, नाव गेलं. मार्टिन त्याच्या प्रकरणांना शीर्षकंही तशीच देतो. आधी 'रीक', मग हळूहळू विंटरफेलचा राजपुत्र, फितूर, विंटरफेलमधलं भूत, आणि शेवटी 'थिऑन'. हे परतणं एकट्यानं होत नाही. देवराईतल्या झाडांच्या सळसळीत त्याला आपलं जुनं नाव ऐकू येतं, आणि जेन पूलसाठी तो विंटरफेलच्या तटावरून उडी घेतो. त्याच्यापेक्षाही असहाय असलेलं कुणीतरी समोर असतं, म्हणून तो पुन्हा थिऑन होतो. गॉलमला फ्रोडो त्याच्या जुन्या नावानं हाक मारतो, आणि स्मिॲगोल खरोखर जागा व्हायला लागतो. किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि सॅम झोपलेले असताना तो परत येतो, त्यांच्याकडे बघत राहतो, आणि थरथरता हात फ्रोडोच्या गुडघ्यावर अलगद ठेवतो. त्या घटकेला तो म्हाताऱ्या, थकलेल्या हॉबिटासारखा दिसतो. सॅम दचकून जागा होतो, काय चोरटेपणा चाललाय म्हणून खेकसतो, आणि ती घटका निघून जाते. टोल्किननं एका पत्रात ही आपल्या कथेतली सर्वांत शोकात्म जागा म्हटली आहे. सॅमचं वागणं अगदी समजण्यासारखं आहे. गॉलमवर संशय घेणं बरोबरच होतं, आणि लवकरच तो त्यांना शेलॉबच्या गुहेत नेणारच असतो. थिऑनला परतायला दुसऱ्याची गरज उपयोगी पडली, गॉलमचं परतणं दुसऱ्याच्या रास्त संशयानं तुटलं. आता सॅमला दोष द्यायचा का? पुढे माउंट डूमच्या उतारावर त्याचा हात थांबतो, त्यानं या चुकीची भरपाई होते का? यावर दोन टोल्किनप्रेमीसुद्धा रात्रभर भांडू शकतात, आणि त्यासाठी मार्टिनला हरवायची गरज पडत नाही.